रिकामी जागा की मोकळी जमीन? : पवनेच्या खोऱ्यातील भूदृश्य आणि निसर्गचित्रातील अवकाशाचा प्रश्न

प्रस्तावना

पुण्याच्या वायव्येस, सोमाटण्यापासून जवळ, पवना नदीच्या काठी शिरगाव हे मावळ तालुक्यातील गाव वसले आहे. साईबाबांच्या मंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ म्हणून आज ते सर्वदूर परिचित आहे. पूर्वेला शेलारवाडीचा घोरवडेश्वराचा डोंगर, उत्तरेला सोमाटण्याची चौराई, पश्चिमेला लोहगड-विसापूरच्या दिशेने चढत गेलेल्या रांगा आणि या सर्वांच्या मध्ये पसरलेले नदीचे रुंद खोरे, असे येथील भूदृश्याचे सामान्य स्वरूप आहे. चित्रकाराच्या दृष्टीने हे खोरे अडचणीचे आहे. त्यात खंडाळ्याच्या दरीची खोली नाही, कोकणातील झाडीची दाटी नाही, की नाशिकच्या घाटांवरील वास्तूंची गर्दी नाही. आहे ती मोठी, पसरट, वरवर पाहता काहीही न घडणारी जागा.

अशा विस्तीर्ण व मोकळ्या प्रदेशाचे चित्र कसे काढावे, आणि कागदाचा जो मोठा भाग ‘रिकामा’ राहतो तो पाहणाऱ्याच्या नजरेला कसा धरून ठेवावा, हा निसर्गचित्रणातील एक जुना प्रश्न होय. त्याकडे बहुधा तंत्राचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. क्षितिजरेषा कोठे घ्यावी, अग्रभूमीत काय ठेवावे, आकाशाला किती जागा द्यावी, अशा सूचनांमध्ये त्याची बोळवण होते. परंतु एखादी जागा रिकामी आहे हे ठरवतो कोण आणि कोणत्या आधारावर, हा त्यामागील प्रश्न इतिहासाचा आहे. मावळच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने जाणवतो. प्रस्तुत लेखात भाजे येथील शिल्पापासून विसाव्या शतकातील मराठी चित्रकारांपर्यंतच्या काही निवडक टप्प्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही.

खोऱ्याचे स्वरूप

मावळचा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेल्यामुळे येथील डोंगरांना आडव्या रेषांची घडण लाभली आहे. माथे सपाट, कडे तुटलेले आणि त्यांच्या पायथ्याशी मंद उताराचे माळ, हा क्रम वारंवार दिसतो. विसापूरचा लांबलचक माथा हे याचे ठळक उदाहरण. तुंग आणि तिकोना यांचे सुळक्यासारखे आकार हे या आडव्या रचनेतील अपवाद आहेत, आणि म्हणूनच ते नजरेत भरतात. शालेय चित्रकलेच्या वहीत मात्र डोंगर म्हटला की दोन त्रिकोण, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वळत जाणारी नदी आणि काठावर नारळाचे झाड हा साचा ठरून गेलेला आहे. दारासमोर सपाट माथ्याचा डोंगर असलेल्या गावातील मुलेही वहीत त्रिकोणच काढतात. सवयीचे वर्चस्व डोळ्यांवर किती असते, याचा हा साधा पुरावा मानता येईल.

या खोऱ्याचे दुसरे वैशिष्ट्य पावसाचे आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला तो साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे आहे. म्हणजे घाटमाथ्याकडून पूर्वेला येताना हवेतील ओल, धुक्याची दाटी, गवताचा रंग आणि आकाशाची उंची यांत झपाट्याने फरक पडत जातो. शिरगाव या बदलाच्या मधल्या पट्ट्यात येते. पावसाळ्यात पश्चिमेकडील रांगा ढगांत नाहीशा झालेल्या असताना पूर्वेकडील डोंगर स्वच्छ दिसू शकतो. एकाच दृश्यात दोन प्रकारची हवा असणे ही चित्रकाराच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. ती पुढे जलरंगाच्या संदर्भात पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

तिसरी बाब जमिनीच्या वापराची. नदीकाठच्या सखल जागेत भातखाचरे; त्यावरच्या उतारावर वरकस जमीन, जिच्यात दोन-तीन वर्षे नाचणी, वरई यांसारखी पिके घेऊन नंतर काही वर्षे ती पड टाकली जाई; आणि त्यापलीकडे गुरे चारण्याचे माळ व गायराने, अशी येथील पारंपरिक व्यवस्था होती. पड टाकलेली वरकस जमीन डोळ्यांना ओसाड दिसते. परंतु ती ओसाड नसते. ती विश्रांती घेत असते, आणि कोणाच्या तरी वहिवाटीत असते. हा भेद घाटाखालून येणाऱ्या परक्या प्रवाशाला सहज कळण्यासारखा नव्हता.

भाजे : गर्दीचे भूदृश्य

या परिसरातील भूदृश्याचे सर्वांत जुने चित्रण रंगात नसून दगडात आहे. भाजे येथील लेणीसमूह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झाला असे सामान्यपणे मानले जाते. तेथील दक्षिणेकडच्या एका विहाराच्या ओसरीत दोन प्रसिद्ध शिल्पपट आहेत. एकात चार घोड्यांच्या रथातून जाणारी आकृती, दुसऱ्यात प्रचंड हत्तीवर आरूढ झालेली आकृती. त्यांना सूर्य व इंद्र म्हणण्याची रूढी असली तरी त्यांच्या ओळखीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी हा मांधाता राजाच्या कथेचा प्रसंग मानला आहे.

येथे महत्त्वाचे आहे ते हत्तीच्या पटातील भूमीचे चित्रण. हत्तीने सोंडेत उपटलेले झाड धरले आहे. त्याच्या पायाखाली आणि भोवती कठड्याने वेढलेले वृक्ष, लहान लहान माणसे, वाद्यवादन आणि नृत्य यांची दाटी आहे. क्षितिज नाही, आकाश नाही, दूर आणि जवळ यांचा आकारमानावर आधारलेला भेद नाही. जे महत्त्वाचे ते मोठे आणि बाकीचे लहान. जमीन ही येथे नजरेपुढे पसरलेली नसून खालून वर रचलेली आहे. विहाराच्या ओसरीत उभे राहून बाहेर पाहिले तर इंद्रायणीचे मोकळे खोरे दिसते. आतल्या भिंतीवर मात्र त्या मोकळेपणाला जागाच नाही.

यावरून प्राचीन शिल्पकाराला अवकाशाची जाण नव्हती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चैत्यगृहाच्या पोकळीची योजना करणाऱ्या कारागिरांना रिकाम्या जागेचे मोल ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या परंपरेत पोकळी हा वास्तूचा विषय होता. भिंतीवरील प्रतिमेचा नव्हता, एवढेच.

गंगाराम तांबट आणि कोरा कागद

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एक वेगळी घडामोड झाली. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हा पुण्यात काम करू लागला. तो १७९१ मध्ये मुंबईस आला होता. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली ती याच काळात. तेथे तयार झालेल्या स्थानिक चित्रकारांमध्ये गंगाराम चिंतामण तांबट याचे नाव अग्रभागी येते. तांबटाने पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्याचे चित्र काढले. वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची रेखाटने केली. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

तांबटाची लेण्यांची रेखाटने निसर्गचित्रे नव्हेत. ती वास्तूची नोंद करणारी कामे आहेत. तरीही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आहे. लेणे म्हणजे खडकातून काढून टाकलेला भाग. ते रेखाटायचे म्हणजे जे नाही त्याचे माप घ्यायचे, आणि त्यासाठी यथार्थदर्शनाचा उपयोग करायचा. दरबारी चित्रशैलीत वाढलेल्या कारागिराने पोकळीकडे कागदावर मांडण्याची वस्तू म्हणून पाहिले, ही घटना मराठी दृश्यसंस्कृतीच्या इतिहासात जेवढी नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेलेली नाही. वेल्सचे १७९५ मध्ये निधन झाले आणि पेशवाई संपण्याच्या आधीच ही शाळाही विस्कळीत झाली. या प्रयोगाला पुण्यात वारसा मिळाला असता तर निसर्गचित्रणाची सुरुवात मुंबईऐवजी पुण्यातून झाली असती काय, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर इतिहासाकडे मागण्यात अर्थ नाही.

वेस्टॉल आणि बोरघाट

रिकाम्या भूमीविषयीची युरोपीय चित्रकाराची अस्वस्थता ज्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे दिसते, तो विल्यम वेस्टॉल योगायोगाने बोरघाटात येऊन गेला होता. वेस्टॉलचा जन्म १७८१ चा. मॅथ्यू फ्लिंडर्स याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करणाऱ्या मोहिमेत तो १८०१ मध्ये निसर्गचित्रकार म्हणून सामील झाला, तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. दोन वर्षे त्याने तो किनारा रेखाटला. १८०३ मध्ये परतीच्या वाटेवर जहाज फुटले, चित्रे भिजली आणि तो चीनमध्ये कँटनला पोहोचला. तेथून १८०४ च्या प्रारंभी त्याने मोहिमेचे पुरस्कर्ते जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. ऑस्ट्रेलियाच्या भूमीने चित्रकाराला देण्यासारखे फारसे काही दिले नाही, आपला काळ वाया गेला, असा त्याचा आशय होता. त्यानंतर तो भारतात आला, मुंबईहून सह्याद्रीच्या प्रदेशात गेला आणि १८०५ मध्ये इंग्लंडला परतला. हा काळ दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाचा होता, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

ऑस्ट्रेलियाची भूमी ज्याला नीरस वाटली त्याला बोरघाट मात्र चित्रविषय म्हणून सापडला. पुढे कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने पश्चिम भारतातील दृश्ये, वेशभूषा व वास्तू यांचा ३६ रंगीत पाट्यांचा ग्रंथ १८२६ ते १८३० या काळात प्रकाशित केला. त्यातील बोरघाटाची दृश्ये वेस्टॉलच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत.

या पसंतीचे कारण त्या काळातील अभिरुचीत शोधावे लागते. विल्यम गिल्पिन याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केलेल्या ‘चित्ररम्य’ या कल्पनेने इंग्लंडमधील सुशिक्षितांची नजर घडवली होती. खडबडीतपणा, तुटलेल्या रेषा, दोन्ही बाजूंना झाडांचे किंवा कड्यांचे पडदे, पुढे काळोखी अग्रभूमी, मध्ये उजेडाचा पट्टा आणि शेवटी निळसर होत गेलेली दूरची भूमी, असा हा साचा होता. क्लोद लोरँ या सतराव्या शतकातील चित्रकाराच्या निसर्गचित्रांवरून तो घेतलेला होता. घाटातले दृश्य या साच्यात अनायासे बसते. कडे हेच पडदे, दरी हीच मध्यभूमी. शिवाय बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला होईपर्यंत हा घाट पायी, घोड्यावरून किंवा पालखीतून चढावा लागे. अग्रभूमीत ठेवण्यासाठी माणसे व जनावरे प्रवासातच हजर असत. ती सजावटीला उपयोगी पडत. शिवाय दरीची खोली मोजण्याची पट्टी म्हणूनही त्यांचा उपयोग होई.

घाट चढून वर आल्यावर मात्र साचा निरुपयोगी होतो. खंडाळ्यापासून पुढे जमीन उघडी पडते, पडदे दूर सरकतात, आणि अग्रभूमीत ठेवण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच घाटमाथा, कार्ल्याचे लेणे आणि त्यानंतर थेट पुणे असे टप्पे या चित्रपरंपरेत दिसतात. मधल्या सपाट खोऱ्याला तिच्यात फारसे स्थान मिळालेले नाही. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाल्यावर हीच निवड अधिक पक्की झाली. प्रवासी बोगद्यांच्या पट्ट्यात खिडकीशी बसतो आणि लोणावळा मागे पडले की डोळे मिटतो. ही सवय आजही मोडलेली नाही.

‘पडीक’ या शब्दाचा प्रवास

चित्रकाराने ज्या जागेकडे विषय नाही म्हणून पाठ फिरवली, त्याच जागेकडे महसूल खात्याने त्याच शतकात निराळ्या नजरेने पाहिले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मालक आणि प्रत देणे आवश्यक होते. लागवडीखालची आणि पडीक अशी विभागणी कागदावर स्थिर झाली. फिरत्या वरकस शेतीसारखी, काही वर्षे राबणारी आणि काही वर्षे निजणारी जमीन अशा विभागणीत नीट बसत नाही. सामाईक चराईचे हक्कही मालकीच्या रकान्यात सहज मावत नाहीत.

चित्राचा रिकामा भाग आणि नकाशाचा कोरा भाग यांच्यात सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तथापि, दोहोंमागे एकच गृहीत आहे : जेथे वस्तू नाही तेथे काही नाही. या गृहीताचे परिणाम मावळच्या शेजारीच, मुळशीत, सर्वांना दिसले. टाटांच्या जलविद्युत धरणासाठी भातखाचरांसह गावे पाण्याखाली जाणार असे ठरले तेव्हा १९२१ मध्ये विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालेच. ज्यांनी ते खोरे वरून पाहिले त्यांना तेथे पाणी साठवण्याजोगी पोकळी दिसली. खाली राहणाऱ्यांना ती पोकळी कधी जाणवली नव्हती, कारण ते तीतच राहत होते.

जलरंग आणि कोरा ठेवलेला कागद

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेची स्थापना १८५७ मध्ये झाली. येथे शिकलेल्या पहिल्या पिढ्यांमधील निसर्गचित्रकारांत कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवलेल्या या चित्रकाराने मुंबईत नाव कमावण्याऐवजी कोल्हापूरला परत जाणे पसंत केले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ या आपल्या पायाखालच्या परिसराची चित्रे ते १९३१ मध्ये निधन होईपर्यंत काढत राहिले. प्रवासी चित्रकार प्रेक्षणीय जागा शोधत जातो. आबालाल यांनी उलट केले. एकच तळे वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या ऋतूंत पाहिले म्हणजे त्याच्या संथ पाण्याचा विस्तार रिकामा राहत नाही, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. रोज तेथे येणाऱ्यालाच जे बदल कळतात ते त्यांच्या चित्रांचे विषय झाले.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) हे दुसरे महत्त्वाचे नाव. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था सुरू केली. दिवा हाती धरलेल्या तरुणीचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे जलरंगचित्र सर्वपरिचित आहे. त्या लोकप्रियतेमुळे त्यांची निसर्गचित्रे काहीशी झाकोळली गेली, हे मान्य करावे लागेल. पारदर्शक जलरंगावरील त्यांचे प्रभुत्व मात्र वादातीत होते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यामुळे या माध्यमात ‘रिकामी जागा’ ही उरलेली जागा राहत नाही. ती आधी ठरवून राखावी लागते. चुकून झाकली गेली तर परत मिळत नाही. तैलरंगात चित्रकार शेवटपर्यंत भर घालू शकतो. जलरंगात त्याला प्रारंभीच कोठे काही करायचे नाही याचा निर्णय घ्यावा लागतो. मोकळ्या प्रदेशाच्या चित्रणाला हे माध्यम मानवले याचे कारण येथे आहे.

पवनेच्या खोऱ्यासारखे दृश्य या माध्यमात कसे उभे राहते, याचा थोडा तपशिलाने विचार करणे योग्य होईल. पहिला निर्णय क्षितिजाचा. ते कागदाच्या मध्यावर घेतले तर आकाश आणि जमीन समान तुल्यबळ होऊन चित्र दुभंगते. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी, विशेषतः याकोब व्हान राउसडाल याने हार्लेम परिसराच्या चित्रांत, क्षितिज अगदी खाली नेऊन दोन तृतीयांशांहून अधिक जागा आकाशाला दिली. त्यांची जमीन सपाट होती आणि त्यांनी ती लपवली नाही. उलट ढगांच्या सावल्या जमिनीवर पाडून तिच्यावर उजेडाचे व अंधाराचे पट्टे निर्माण केले. आषाढ-श्रावणातल्या मावळात हा खेळ रोज चालतो. भाताच्या खाचरांवरून ढगाची सावली सरकत जाते तेव्हा सपाट जमिनीला खोली येते; एकही झाड वाढवावे लागत नाही. क्षितिज वर नेण्याचा पर्यायही आहे. तसे केल्यास खाचरांच्या बांधांची वेडीवाकडी जाळी हाच चित्राचा विषय होतो. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. मात्र दोन्हींपैकी एकाची निवड करावीच लागते.

दुसरी बाब छटांच्या उतरणीची. आकाशाचा एकच ओला लेप वरून खाली नेताना रंग क्रमाने हलका होत गेला आणि थंडाकडून उबदारपणाकडे वळला, तर त्या जागेत एकही वस्तू नसताना नजर तिच्यावरून प्रवास करते. सपाट भरलेला निळा रंग आणि असा उतरता निळा रंग यांतील फरक हाच मृत आणि जिवंत पोकळीतील फरक होय. शिरगावसारख्या ठिकाणी तर पश्चिमेची ओलसर हवा आणि पूर्वेची कोरडी हवा यांमुळे डावीकडून उजवीकडेही असाच उतार मिळतो. डोंगराची एकच रेषा एका टोकाला धुक्यात विरघळते आणि दुसऱ्या टोकाला कापल्यासारखी धारदार होते. ही कडा नीट साधली तर मधल्या मोठ्या जागेत चित्रकाराने फारसे काही न करणेच श्रेयस्कर.

तिसरी बाब अशी की मोकळ्या जागेचा आकार तिच्या कडांवरून ठरतो. विसापूरच्या सपाट माथ्यावर टेकलेले आकाश आणि तिकोन्याच्या टोकाभोवतीचे आकाश हे दोन निराळे आकार आहेत. नवशिका डोंगर काढतो आणि आकाश उरते. अनुभवी चित्रकार आकाशाचा आकार काढतो आणि डोंगर आपोआप जागेवर येतो. एखादी लहानशी खूण, दूरच्या बांधावरचे गुरू किंवा मंदिराचा कळस, कोठे ठेवायची हा प्रश्न यानंतरचा. ती खूण जितकी लहान तितकी भोवतालची जागा मोठी भासते. पण तिची संख्या वाढली की परिणाम उणावतो. वेस्टॉलच्या काळातील अग्रभूमीत गोळा केलेला जनसमुदाय आणि अशी एकुलती खूण यांत हेतूचा फरक आहे. एक जागा भरण्यासाठी असते, दुसरी जागा मोजण्यासाठी.

मुंबई-पुण्याकडच्या वास्तववादी निसर्गचित्रणात ही सारी जाण कमी-अधिक प्रमाणात होती. मात्र तिचे शिक्षण हस्तकौशल्याच्या रूपाने दिले गेले. तिची चर्चा फारशी झाली नाही. परिणामी प्रदर्शनांतून घाट, मंदिरे, बाजार आणि नदीचे घाट यांची चित्रे वाढत गेली, आणि मोकळ्या माळाचे चित्र अपवादानेच दिसत राहिले. गर्दीचे चित्र विकले जाते, हेही त्याचे कारण असावे.

गायतोंडे आणि बरवे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न निसर्गचित्राच्या चौकटीबाहेर गेला. वासुदेव सन्तु गायतोंडे (१९२४-२००१) यांचा जन्म नागपूरचा, कुटुंब गोव्याकडचे. जे. जे. मधून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ पासून दिल्लीत राहिले. रूळ आणि रंगपट्टी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवणे व खरवडणे या संथ प्रक्रियेतून त्यांनी विस्तीर्ण, जवळजवळ निर्मनुष्य असे रंगपृष्ठ घडवले. झेन विचाराचे त्यांना आकर्षण होते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते करीत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे नव्याने वेधले गेले.

त्यांच्या साठच्या दशकातील काही चित्रांत आडव्या पट्ट्यांमुळे क्षितिजाचा भास होतो. त्यावरून ती समुद्राची किंवा माळाची चित्रे आहेत असे म्हणण्याचा मोह टाळावयास हवा. स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यासही राजी नव्हते, ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा वाटे. तथापि, वस्तू नसलेल्या पृष्ठावर नजर दीर्घकाळ कशी टिकते, या प्रश्नाचे इतके सखोल उत्तर अन्य भारतीय चित्रकाराने क्वचितच दिले असेल. ते उत्तर थरांमध्ये आहे. खालचा रंग वरच्या रंगातून अर्धवट दिसत राहतो, आणि पृष्ठ सपाट असूनही बंद होत नाही.

प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांची वाट निराळी. अलिबागजवळच्या नागावचे हे चित्रकार वस्तू सोडत नाहीत. पान, घड्याळ यांसारख्या ओळखीच्या गोष्टी ते एनॅमल रंगात मोठ्या सपाट अवकाशात एकमेकींपासून दूर ठेवतात. दोन वस्तूंमधील अंतर हाच त्यांच्या चित्राचा विषय आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. १९९० मध्ये त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीप्रक्रियेचा, आणि विशेषतः काहीही उमटण्यापूर्वीच्या पृष्ठभागाचा, मराठीत केलेला हा विचार आहे. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. मराठीतून कलेचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांनी ते पुस्तक अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवावयास हवे. ते बहुधा वाचनसूचीच्या शेवटी असते.

आजचे खोरे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. गहुंजे येथे क्रिकेटचे मैदान उभे राहिले, तळेगाव परिसरात औद्योगिक वसाहत वाढली, आणि सोमाटणे-शिरगाव या पट्ट्यातील माळ प्लॉटच्या खांबांनी आखले जाऊ लागले. जाहिरातफलक, उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे, अर्धवट इमारती या आता भूदृश्याच्या स्थायी वस्तू आहेत. येथे निसर्गचित्रणासाठी येणारा विद्यार्थी त्या बहुधा वगळतो. मनोरा पुसून तेथे आंब्याचे झाड लावतो. गिल्पिनच्या शिष्यांनी नेमके हेच केले असते. वास्तविक डोंगराच्या आडव्या रेषेला छेदणारा तो उभा मनोरा विस्ताराची पट्टी म्हणून, दूरवरच्या गुराइतकाच, उपयोगी पडू शकतो. आणि खांबांमध्ये अडकलेला, नांगर थांबलेला, विक्रीची वाट पाहणारा माळ हा पूर्वीच्या वरकस पडापेक्षा निराळा रिकामेपणा आहे. पडीचे गवत पिवळे असते, ते दरवर्षी कापले व चारले जाते. प्लॉटमधले गवत कोणी कापत नाही. ते डोक्याएवढे वाढून राखट तपकिरी होते, आणि त्यात रानतुळस माजते.

हा रंगफरक तळेगावच्या रस्त्यावरून जाताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्पष्ट दिसतो. आबालाल यांनी कोटितीर्थाच्या पाण्याची जशी वर्षानुवर्षे नोंद ठेवली, तशी या खोऱ्याच्या एखाद्या बांधावरून ठेवली गेली असती तर मावळातील जमिनीच्या हस्तांतराचा एक दृश्य दस्तऐवज तयार झाला असता. सातबाराच्या उताऱ्यावर फेरफार एका ओळीत उरकतो. त्या ओळीच्या आधीची आणि नंतरची जमीन कशी दिसत होती, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते.